राजलक्ष्मीबाईंच्या साठीचं जेवण

मुकुंदराव पागे पंक्तीच्या टोकाला उभे राहिले की आचाऱ्याला घाम फुटतो, आणि तो भट्टीच्या धगीने नव्हे. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत मुंज असो, लग्न असो, गणपतीतलं सामुदायिक भोजन असो, पागेकाका उपरणं कमरेला आवळून हजर. बोलावलं असलं तरी हजर, नसलं तरी हजर. सगळी नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या दफ्तरात काढली. तिथे शिपाईसुद्धा त्यांचं ऐकत नसे, त्यामुळे आयुष्यभराचा रुबाब त्यांनी पंक्तीत वसूल केला. पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले हे खरं. पण खापरपणजोबा फौजेच्या मुदपाकखान्यावर होते असं जे मुकुंदराव सांगतात, त्याचं खरंखोटं खापरपणजोबांनाच ठाऊक.

त्यांचे कायदे ठरलेले. मीठ वरच्या टोकाला, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, आणि वरणाचा ओघळ कोशिंबिरीत गेला तर वाढणाऱ्याची खैर नाही. सगळ्यांत मोठा कायदा हा, की शेवटच्या पानावरच्या भातावर तूप पडत नाही तोवर पहिल्या पानावरच्याने अन्नाला हात लावायचा नाही. मग तो जावई असो नाहीतर मोठा अधिकारी. एकदा खरंच एका मोठ्या साहेबांनी बसल्या बसल्या चटणीत बोट घातलं, तर मुकुंदराव भर पंक्तीत म्हणाले, "साहेब, जरा दम धरा, माणसं बसतायत अजून." साहेबांनी बोट रुमालाला पुसलं. हा किस्सा किला गेटपासून पडावापर्यंत ज्याने ऐकला नसेल, तो माणूस बाहेरगावचा समजावा.

आता हे सगळं चालू असताना त्यांची बायको कुठे असते? राजलक्ष्मीबाई मागे असतात. मसालेभाताचं मीठ बघायला, काकड्या कोचायला, जिलबी पुरेल का याचा अंदाज घ्यायला. नवरा पुढे "वाढा, वाढा, पान रिकामं दिसतंय" म्हणून ओरडतो आणि भांडं मागे यांच्या हातात रिकामं होतं. वाढप्यांची पंगत शेवटची, त्या पंक्तीला या बसतात. तोवर जिलबी संपलेली, मठ्ठ्याच्या तळाला नुसते जिरे, आणि भात कढईच्या कडेचा. "चालतं मला," असं त्या म्हणतात. घरीही तेच. मुकुंदरावांच्या ताटात एकेक फुलका फुगून येतो, आणि ते ढेकर देऊन उठले की राजलक्ष्मीबाई उरलेली गार सब्जी घेऊन ओट्याशी बसतात. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मुकुंदरावांना तर नाहीच नाही. त्यांना फक्त लोकांची पानं दिसतात.

मुलगी अवंतिका मिलानला नोकरीला. तोंडाने फटकळ, बापावर गेलेली. तिने एका रविवारी फोन केला.

"बाबा, पुढच्या महिन्यात आईचा साठावा वाढदिवस. तुमच्या साठीला आपलं अख्खं लष्कर गाव जेवून गेलं होतं. त्या दिवशी आई कधी जेवली, सांगा बरं?"

"जेवली असेल की वेळेवर. काहीतरीच विचारतेस!"

स्वयंपाकघरातून राजलक्ष्मीबाईंचा आवाज आला, "दिवे लागल्यावर. चिवडा खाल्ला होता ना मी. दहीही होतं थोडं." त्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

पण मुकुंदरावांना ते असं काही लागलं, की त्यांनी त्या दिवशी दुसरा फुलका मागितला नाही. तीनशे माणसांना आग्रह करकरून जिलब्या वाढणारा माणूस, आणि त्याच्या घरची बाई त्याच्याच साठीला चिवडा खाऊन राहिली! तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की राजलक्ष्मीच्या साठीला तिने चुलीकडे बघायचंसुद्धा नाही. अवंतिकाकडे परदेशातच जायचं. तिने नुसतं बसायचं, आणि गरम गरम ताट तिच्यापुढे आलं पाहिजे. हे त्यांनी दाल बाजारातल्या किराणावाल्याला सांगितलं, शेजारच्या शालिनीताईंना सांगितलं, देवळातल्या गुरुजींना सांगितलं. राजलक्ष्मीबाईंना सगळ्यांत शेवटी सांगितलं. त्या म्हणाल्या, "कशाला तो खर्च," पण त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातली अंजिरी साडी काढून विटलेल्या पदरावरून हात फिरवत बराच वेळ बघितली. म्हणजे त्यांनाही हवं होतं. न सांगता हवं होतं.

तर मंडळी मिलानला पोचली. अवंतिकाने बेत केला होता की वाढदिवसाला मांतोव्याला जायचं. मिलानहून आगगाडीने जवळ, जुनं गाव, तळी, राजवाडा, आणि तिथे लाल भोपळ्याचं पुरण भरलेली एक वस्तू मिळते ती आईला नक्की आवडेल. मुकुंदरावांनी आदल्या दिवशी फर्मान काढलं, "उद्या पिशवीत खायचं काही घ्यायचं नाही. लाडू नाही, चिवडा नाही. घेतलंस की तू तेच खात बसशील आणि जेवण राहील. भूक ठेव." राजलक्ष्मीबाईंनी भूक ठेवली. सकाळी नुसत्या चहावर निघाल्या. अंजिरी साडी, वर मुलीचा कोट, पायांत मोजे आणि बूट. छान दिसत होत्या. मुकुंदराव तसं म्हणाले नाहीत, पण दोनदा वळून बघितलं.

राजवाडा बघून झाला. मुकुंदरावांनी "आमच्या किल्ल्यापुढे हे काय!" हे चारदा सांगून घेतलं. मग जेवायची जागा शोधायची वेळ आली, आणि इथूनच सगळं बिनसायला सुरुवात झाली. अवंतिकाने जागा आधीच बघून ठेवली होती. पण बाप पंक्तींचा पारखी! त्याने आधी दाराबाहेरून डोकावून आतल्या लोकांच्या पुढ्यात काय आहे ते बघितलं. "इथे गर्दी नाही, अर्थ काय तो समज." दुसरीकडे गर्दी होती, तर "इथे आपल्याला कोण विचारतंय." तिसऱ्या ठिकाणी वास आवडला नाही. असं करत करत कमानींखालच्या एका लहानशा हॉटेलात ते शिरले, तेव्हा बरीचशी गिऱ्हाइकं कॉफीवर आली होती. राजलक्ष्मीबाई टेबलाचा कोपरा धरून बसल्या. त्यांच्या पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, भांडत होते.

वाढणारा एकच. उंच, चष्मा कपाळावर, आणि माणसाकडे न बघता चालायची विद्या शिकलेला. "अरे, पाहुणा आलाय दारात, निदान या-बसा तरी म्हण!" मुकुंदराव पुटपुटले. अवंतिकाने मागवलं: आईला भोपळ्याच्या पुरणाची ती तोर्तेल्ली, बाबांना तिखट लाल सॉसचा पास्ता, स्वतःला हिरवा पाला. पाणी आलं ते बुडबुड्यांचं. मुकुंदरावांना एक घोट घेतल्याबरोबर जी ढेकर आली, ती शेजारच्या टेबलावर ऐकू गेली. "जेवणाच्या आधी ढेकर! इथे सगळाच उलटा कारभार." पावाची टोपली आली. पाव असा, की दातांचं काम करून आलेल्या माणसाने लांबूनच नमस्कार करावा. राजलक्ष्मीबाई एक तुकडा मोडायला गेल्या तर मुकुंदरावांनी टोपली बाजूला सरकवली. "पोट भरेल. गरम येऊ दे."

आणि मग कुणी येईना. शेजारचं टेबल उठलं. पलीकडचं उठलं. तो चष्मेवाला तीनदा गेला आणि तीनदा भिंतीकडे बघत गेला. मुकुंदरावांच्या तळपायाची आग मस्तकात जायला निघाली होती. "एक माणूस वाढायला! आमच्याकडे पन्नास पानांना सहा जण लागतात. आणि मीठ कुठाय? टेबलावर मीठसुद्धा नाही."

"बाबा, शांत बसा ना. आईचा दिवस आहे."

"तिच्यासाठीच चिडतोय मी!"

अखेर तो आला, हातात एकच ताट. आणि ते त्याने, बरं का, सरळ राजलक्ष्मीबाईंपुढे ठेवलं. त्याच्या रीतीप्रमाणे आधी बाईमाणसाला. वाफा निघत होत्या. करंजीची धाकटी भावंडं शोभावीत अशा गुबगुबीत, पिवळ्या, लोण्यात न्हालेल्या वस्तू, वर तळलेली कसलीशी पानं, आणि भोपळ्याचा तो गोडूस वास. राजलक्ष्मीबाईंचा चेहरा बघायला हवा होता. त्यांनी पदर सावरला, काटा उचलला, एका तुकड्यात खुपसला.

"थांब," मुकुंदराव म्हणाले.

काटा थांबला.

"सगळ्यांचं येऊ दे. अशी कशी सुरुवात करतेस?"

"आई, खा तू," अवंतिका म्हणाली. "इथे असंच असतं, ज्याचं आलं त्याने खायचं."

"असंच असतं म्हणजे काय? एकाच्या पानात वाढून बाकीच्यांना कोरडं बसवायचं, ही काय रीत झाली? हॉटेल झालं म्हणून माणसाने माणुसकी सोडायची? येईल आमचंही आत्ता. मग मिळून सुरू करू."

राजलक्ष्मीबाईंनी काटा खाली ठेवला. सवय होती. हात मांडीवर घेतले आणि वाफेकडे बघत बसल्या. चष्मेवाला परत जाता जाता थबकला, ताटाकडे बोट दाखवून काहीतरी बोलला. "तो म्हणतोय, गरम आहे तोवर खाऊन घ्या," अवंतिकाने सांगितलं. मुकुंदराव म्हणाले, "त्याला म्हणावं, अक्कल शिकवू नकोस, बाकीची दोन ताटं आण."

वाफ विरळ झाली. मग संपली. लोण्यावर साय धरल्यासारखा थर आला. अवंतिकाचा पाला आला, तोही अर्धवट धुतलेला. मुकुंदरावांचं नावच नाही. आता साधा माणूस काय करील? म्हणेल, जाऊ दे, तू खा. पण इथे प्रश्न तत्त्वाचा होता. चाळीस वर्षं ज्याने कुणाला तुपाआधी जेवू दिलं नाही, तो स्वतःच्या बायकोच्या साठीला पंगत मोडू देईल? शेवटी मुकुंदराव उठले, कमरेला उपरणं नव्हतं तरी कंबर कसली आणि थेट भटारखान्याच्या दारात गेले.

हे करायचं नसतं. ग्वाल्हेरला आचारी पागेकाकांना बघून पाट सरकवतो. इथे आत एक जाडजूड बाई होती, तिने झारा उगारला आणि जे काही सुनावलं त्यातला एक शब्द कळला नाही तरी अर्थ पोचला. अवंतिका धावत मागे. "बाबा, यार, सीन मत बनाओ! किचनमध्ये नाही जायचं असतं!"

तेवढ्यात मुकुंदरावांचा पास्ता तयार झाला, तो त्यांच्या हाताखालून टेबलावर गेला. लाल सॉस खरा, पण त्यात गुलाबी चिवट तुकडे. अवंतिकाने काट्याने उलटून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, हे डुकराचं आहे. तुम्ही नाही खाऊ शकत." दुष्काळात तेरावा महिना! मुकुंदराव लालेलाल झाले. "आण म्हणावं दुसरं! आणि हिचंही गार झालंय, तेही गरम करून आण. एकदम आण सगळं. एकत्र!" असं म्हणून त्यांनी स्वतःच बायकोपुढचं ताट उचललं, चष्मेवाल्याच्या हातात दिलं आणि आत बोट दाखवलं.

चष्मेवाल्याने ताटाकडे बघितलं. एकाही तुकड्याला तोंड लागलेलं नाही, फक्त एकात काट्याची भोकं. आवडलं नाही, परत पाठवलं, असंच त्याला वाटणार; दुसरं काय वाटेल? दार उघडंच होतं. त्या दारातून तिघांनाही दिसलं, की त्याने ते ताट सरळ कचऱ्याच्या डब्यावर तिरपं केलं. सगळी तोर्तेल्ली गेली. लोण्यासकट गेली.

"अरे! अरे, अन्न आहे ते!" मुकुंदराव ओरडले. अवंतिका आत जाऊन विनवून आली. पण त्या बाईने अंगातला एप्रन सोडला होता, चूल बंद केली होती, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला होता. आता संध्याकाळशिवाय काही मिळणार नाही. पाला तेवढा होता. "आई, हा घे," अवंतिका म्हणाली. राजलक्ष्मीबाईंनी मान हलवली. "तू खा गं. मला नको."

बाहेर आल्यावर मुकुंदरावांच्या तोंडाचा पट्टा सुटला. कमानींखालून चालता चालता त्यांनी त्या हॉटेलाची, त्या चष्म्याची, त्या झाऱ्याची आणि एकूण युरोपाची जी काय हजामत केली, ती इथे सांगण्यात अर्थ नाही. पाणी सोड्याचं, पाव विटेचा, मीठ गायब, शाकाहारी माणसाला डुक्कर. आमच्याकडे भिकाऱ्यालासुद्धा पान मांडून वाढतात. एवढ्या लांब आलो ते हिच्या एका जेवणासाठी, आणि त्या गाढवाने ते मातीत घातलं!

राजलक्ष्मीबाई पुढे चालत होत्या. त्या थांबल्या आणि मागे वळल्या.

"त्याने नाही घातलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"त्याने तर माझ्यापुढे आणून ठेवलं होतं. सगळ्यांत आधी. गरम. आजवर कुणी ठेवलं नव्हतं, त्याने ठेवलं. तुम्ही मला खाऊ दिलं नाहीत."

मुकुंदरावांनी अवंतिकाकडे बघितलं. तिने नजर दुसरीकडे वळवली.

"अगं, पण पंगत म्हणून एक..."

"कसली पंगत? तिघं होतो आपण. माझ्याच वाढदिवसाला मी कुणाच्या तुपाची वाट बघायची?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "भूक लागली होती मला. सकाळपासून लागलीय. लाडूही घेऊ दिले नाहीत तुम्ही. तुम्हाला अख्ख्या ग्वाल्हेरची भूक दिसते, माझी का नाही दिसत हो?"

एवढं बोलून त्या स्टेशनाच्या वाटेला लागल्या. मागोमाग मुकुंदराव आणि अवंतिका. गाडीला अवकाश होता.

स्टेशनाबाहेर एक टपरीवजा दुकान होतं. काचेमागे पिझ्झ्याचे चौकोनी तुकडे मांडलेले. मुकुंदरावांना तेवढंच निमित्त पुरलं. "हां, बघ, इथे मिळेल! मी सांगतो. अवंतिका, त्याला विचार, ताजं आहे का? कुठलं घ्यायचं? तीन सांग, एकदम..."

राजलक्ष्मीबाई काचेपाशी गेल्या. बटाट्याचा एक तुकडा होता, त्यावर बोट ठेवलं. मग एक बोट वर केलं. दुकानदाराने मान डोलावली, तुकडा भट्टीत सरकवला, आणि थोड्या वेळाने कागदात ठेवून पुढे केला. चीज अजून रटरटत होतं.

"अगं, थांब," मुकुंदराव म्हणाले. तोंडातून निघून गेलं ते. "आमचं येऊ दे तरी."

"तुमचं येईल तेव्हा येईल," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या आणि घास घेतला.

जीभ भाजली असावी, कारण डोळ्यांत पाणी आलं. पण त्या थांबल्या नाहीत. भर रस्त्यात, उभ्याने, साडीवर तेल सांडतंय का याची फिकीर न करता, नवऱ्याकडे पाठ करून त्यांनी तो अख्खा तुकडा खाल्ला, आणि संपल्यावर दुकानदाराला आणखी एक बोट दाखवलं.